अर्ध्या बोकडाचा कारभार

तराजूसाहेबांचं आजही म्हणणं असं, की त्या रविवारी दुपारी ते जे बोलले त्यात कुणाचा अपमान होण्यासारखं काहीही नव्हतं. त्यांनी फक्त पळीनं पातेल्याचा तळ ढवळला, वर आलेल्या बटाट्यांकडे नीट पाहिलं आणि अत्यंत शांत, जवळजवळ कार्यालयीन स्वरात विचारलं, "यात मटण कुठल्या बाजूला आहे?"

आता, हा साधा चौकशीचा प्रश्न आहे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसानं असा प्रश्न विचारायचा नाही, तर कुणी विचारायचा? दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडणं, पारड्याच्या खाली चिकटवलेला मेणाचा गोळा शोधून काढणं, हे त्यांचं काम. म्हणून तर सगळी इमारत त्यांना तराजूसाहेब म्हणत असे. ते नाव त्यांच्या तोंडावर आदरानं घेतलं जाई. पाठीमागे कसं घेतलं जाई, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

पण बायको पोस्टात काउंटरवर बसणारी. दिवसभर लोकांचे तिरके प्रश्न ऐकून आवाज न चढवता उत्तर द्यायची तिला सवय. तिनं त्यांच्या हातातली पळी काढून घेतली, पुसली आणि पुन्हा त्यांच्याच हातात ठेवली.

"उद्यापासून स्वयंपाकघर तुमचं," ती म्हणाली. "महिनाभर. पैसे मला मिळतात तेवढेच, खाणारी तोंडं आहेत तेवढीच. मटण सापडलं की मला हाक मारा."

"बघ हं, मागून म्हणशील..."

"काही म्हणणार नाही. मला तेवढाच आराम."

कन्या, जी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात होती आणि तलावातून आल्यावर दिसेल ते खात असे, ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला गॅस पेटवता येतो का?" आणि सासरेबुवांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. हे सासरेबुवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून चार दिवस राहायला आले होते. ऑपरेशन उत्तम झालं, दृष्टी साफ झाली आणि आपल्या घरापेक्षा लेकीचं घर कितीतरी चांगलं आहे हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं. ते परत गेले नाहीत.

तराजूसाहेब मात्र त्याच क्षणी मनानं कामाला लागले होते. त्यांचं निदान पक्कं होतं. बायका पावपाव किलोनं मटण आणतात, तिथेच घर बुडतं. माल घ्यायचा तर घाऊक घ्यावा, गोठवून ठेवावा आणि रोज थोडाथोडा काढून त्यात बाकीच्या वस्तूंची भर घालून पुरवावा. एवढी साधी गोष्ट एवढ्या वर्षांत बायकोच्या लक्षात येऊ नये, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते तसं तिला सांगायलाही गेले होते. पण ती पाय लांब करून वर्तमानपत्र वाचत बसली होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते जरा बिचकले आणि परत फिरले.

खाटिकानं त्यांना पाहिलं आणि आधी लगबगीनं तराजूवरचं फडकं काढलं. तपासणी नाही, गिऱ्हाईक म्हणून आलोय, हे पटायला त्याला वेळ लागला. पटल्यावर मात्र त्याचा जीव भांड्यात पडला आणि जिभेला पंख फुटले. "साहेब, तुमच्यासारख्यानं किलोनं कशाला घ्यायचं? अर्धा बोकड घ्या. उभा अर्धा! खांदा आला, मांडी आली, बरगड्या आल्या, कलेजीचा वाटा आला. भाव असा लावतो की माझी बायको मला घरात घेणार नाही."

भाव खरोखरच चांगला होता. तराजूसाहेबांनी खिशातला स्वतःचा काटा काढून अर्धा बोकड जोखला, वजनात खोट नाही याची खात्री केली आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "द्या." तो घरी न्यायचा कसा, हा विचार त्यांच्या मनात पैसे दिल्यावर आला.

तुकडे करून घेतले असते तर प्रश्न मिटला असता. पण तुकडे करण्याची मजुरी वेगळी आहे म्हटल्यावर साहेबांचं रक्त उसळलं. त्यांनी घरून पिशव्या झाकायला आणलेली चादर अर्ध्या बोकडाला गुंडाळली, त्याला स्कूटरच्या मागच्या सीटवर उभं बसवलं, आपल्या पोटाभोवतीचा पट्टा काढून त्याला स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि निघाले. एका हातानं स्कूटर आणि दुसऱ्या हातानं पँट सांभाळत चालवणं सोपं नसतं. चौकात ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी मारली.

"मागच्यांचं हेल्मेट कुठंय?"

"मागे कुणी नाही," तराजूसाहेब म्हणाले.

पोलिसानं चादरीकडे पाहिलं. "आजारी माणसाला असं उन्हातून नेतात का? आणि तोंडावरून पांघरूण कशाला घातलंय? ओ आजी..." असं म्हणून त्यानं चादर वर केली.

पोलिसानं चादर पुन्हा नीट पांघरली. मग त्यानं दंडाची पावती फाडली. हेल्मेटबद्दल नाही, कारण तो नियम बोकडाला लागू होतो की नाही याबद्दल त्याच्या मनात शंका होती. 'धोकादायक पद्धतीनं मालवाहतूक' या सदराखाली. चौकातले लोक हसत होते. एका सरकारी अधिकाऱ्याला, तो कामावर नसला तरी पदाची काही प्रतिष्ठा असते, भर रस्त्यात हसतात म्हणजे काय? आणि एकानंही पुढे होऊन पँट धरली नाही.

घरी आल्यावर दुसरा धक्का बसला. फ्रिजच्या वरच्या खणात बर्फाचा ट्रे, मटारची एक पिशवी आणि सासरेबुवांच्या गुडघ्याला लावायचा थंड शेकाचा पट्टा, एवढं राहिलं की खण भरत होता. अर्धा बोकड स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आडवा पडला होता आणि त्याचा पाय नळाला लागत होता. बायको पाणी प्यायला आली, नळाखाली भांडं धरलं, तो पाय जरा बाजूला केला, पाणी प्याली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. बोलली असती तर परवडलं असतं.

शेवटी त्याचे तुकडे स्वतःच्या हातानं करून, पुडकी बांधून, शेजाऱ्यांकडे ठेवायला न्यावी लागली. तळमजल्यावरच्या कर्नलांनी दोन पुडकी घेतली. हे कर्नल सैन्यात होते ते कँटीनच्या भांडारात. पण मिशा खऱ्या होत्या. "पुडकी चपटी बांधायची," त्यांनी हुकूम सोडला. "गोळे बांधले की आत गोठत नाही. आघाडीवर आम्ही चपटीच बांधायचो." वरच्या मजल्यावरच्या विणकामाचे वर्ग घेणाऱ्या बाईंनी काही ठेवून घेतली, आणि इमारतीच्या सेक्रेटरीनं, आपण स्वतः मटण खात नसून केवळ शेजारधर्म म्हणून हे करत आहोत असं तीनदा बजावून, सर्वांत मोठं पुडकं घेतलं.

दोन दिवसांनी ती परत आणली तेव्हा साहेबांनी सवयीनं ती काट्याला लावली. प्रत्येक पुडकं कमी भरलं.

"थंडीनं आकसतं," कर्नल म्हणाले.

"वजन आकसत नाही, कर्नलसाहेब!"

"तुमचा अनुभव कोरड्या मालाचा," कर्नल अत्यंत सहानुभूतीनं म्हणाले आणि मिशीला लागलेला रस्सा पुसला.

असं असताना स्वतःचा मोठा फ्रीझर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे कुणीही मान्य करील. बाजारपेठेतलं एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं होतं, त्याचा आडवा फ्रीझर स्वस्तात मिळाला. पेटी दणकट होती. फक्त तिच्या बाजूवर लाल टोपी घातलेला एक गुबगुबीत पेंग्विन रंगवलेला होता, आणि तो हातात कोन धरून 'या, थंड व्हा!' असं म्हणत होता. तो खरवडून निघाला नाही. फ्रीझर हमालांनी जिन्यापर्यंत आणला आणि तिथे कळलं की तो जिन्याच्या वळणावर वळत नाही. उभा केला, आडवा केला, तिरका केला. कर्नल खालून "डावीकडून मुसंडी!" असं ओरडत होते. शेवटी हमाल घाम पुसत म्हणाले, "साहेब, एकतर जिना बदला, नाहीतर पेटी." आणि ती जिन्याखाली ठेवून गेले.

तासाभरात सेक्रेटरी हजर.

"सामायिक जागेत व्यावसायिक उपकरण ठेवता येत नाही."

"हे व्यावसायिक नाही. घरगुती आहे."

सेक्रेटरीनं पेंग्विनकडे पाहिलं. पेंग्विननं सेक्रेटरीकडे. "हा 'या' म्हणतोय," सेक्रेटरी म्हणाला. "घरगुती वस्तू रस्त्यावरच्यांना 'या' म्हणत नाही."

बराच खल झाला. साहेबांनी नियमावली मागवली, सेक्रेटरीनं ती आणली, त्यात जिन्याखाली सायकली, बालकांच्या गाड्या व 'तत्सम' वस्तू ठेवायला परवानगी होती, आणि फ्रीझर हा बालकांच्या गाडीशी कितपत तत्सम आहे यावर साहेबांनी जे भाषण केलं ते एखाद्या न्यायालयात शोभलं असतं. सेक्रेटरीनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. एक कोपरा मला द्या. आमच्याकडे भाज्या फार राहतात."

सेक्रेटरीला कोपरा दिला म्हटल्यावर कर्नल आले. "तुमची पुडकी सांभाळली होती आम्ही," त्यांनी आठवण करून दिली. मग विणकामाच्या बाई आल्या. त्यांनीही सांभाळली होती. साहेबांच्या घरातून खिडकीवाटे खाली सोडलेल्या वायरवर, साहेबांच्या विजेवर, अशी इमारतीची सोय झाली. संध्याकाळी पोरं जमून पेंग्विनसमोर रांग लावत आणि कोन मागत. नाही म्हटलं की 'तराजूकाका फसवे' असं ओरडत पळत. ज्या माणसानं आयुष्यभर फसवे दुकानदार पकडले, त्याला हे ऐकावं लागत होतं.

वर स्वयंपाकघरात तराजूसाहेबांनी मटण पुरवण्याचं शास्त्र विकसित करायला घेतलं होतं. तत्त्व साधं: खिमा थोडा, आणि त्यात खिम्यासारखं दिसणारं काहीतरी जास्त. पहिल्या दिवशी भिजवलेली मसूर मिसळली. ते चक्क जमलं. कन्येनं तीनदा मागून घेतलं आणि साहेब बायकोकडे बघून खाकरले. ती "छान झालंय" म्हणाली, ताट उचललं आणि बाहेर पडली. टपाल खात्याच्या क्लबात ती बॅडमिंटन शिकायला जाऊ लागली होती. या वयात! परत आली तेव्हा गाणं गुणगुणत होती.

पहिल्या यशानं माणूस बिघडतो. मसुरीनंतर ओट्स आले, ओट्सनंतर सोयाबीनचा चुरा, मग शिळ्या पावाचा चुरा, किसलेलं गाजर, किसलेला दुधी. मटणाचं प्रमाण घटत गेलं, पण ते इतक्या सावकाश घटवलं होतं की कुणाच्या लक्षात येणार नाही, असा साहेबांचा अंदाज होता. एकेक हाड तीनतीनदा उकळून त्याचं सूप निघत होतं. तिसऱ्या वेळी ते सूप इतकं नितळ झालं होतं की वाडग्याच्या तळाशी कारखान्याचा शिक्का वाचता येत होता.

सासरेबुवांनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केला.

"जावईबापू, यात मटण होतं का कधी?"

"होतं म्हणजे काय, मामा? आहे!"

"तसं नव्हे. चव नाही, पण आठवण येते," सासरेबुवा म्हणाले. "आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, ते गाव सोडून गेल्यावर त्यांच्या बंद घराकडे पाहिलं की असंच वाटायचं."

कन्येनं मात्र विनोद केला नाही. तिनं ताटातल्या कटलेटकडे पाहिलं, ते मोडलं, पुन्हा जोडलं आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या आठवड्यात माझी स्पर्धा आहे. प्रशिक्षक म्हणतात, माझी ताकद कमी पडतेय. घरी जेवतेस ना, असं विचारत होते."

हे वाक्य साहेबांना लागलं. वरून त्यांनी "प्रशिक्षकाला काय कळतंय" वगैरे म्हटलं खरं, पण हात धुताना त्यांनी ठरवलं, की पोरीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी खांद्याचा सगळ्यात चांगला भाग काढायचा आणि त्यात काही म्हणजे काही मिसळायचं नाही. नुसतं मटण. दाखवून देऊ प्रशिक्षकाला.

तो दिवस उजाडला, साहेबांनी रजा टाकली आणि दुपारी फ्रीझर उघडायला खाली गेले, तर पेटीची गुणगुण बंद. वायर जागेवर होती. वर आले तर घरातले दिवेही बंद. दारावर वीज कंपनीची चिठ्ठी: 'घरगुती जोडणीचा व्यावसायिक वापर आढळल्याने पुरवठा खंडित.' मीटर वाचायला आलेल्या माणसाला पेंग्विननं 'या' म्हटलं होतं.

वीज कंपनीच्या कचेरीत पंखा फक्त कारकुनाच्या डोक्यावर होता. साहेबांनी स्वच्छ शब्दांत सगळं सांगितलं.

"म्हणजे आइस्क्रीम विकत नाही?"

"नाही."

"तसा दाखला आणा."

"कसला दाखला?"

"आइस्क्रीम विकत नसल्याचा."

"विकत नसल्याचा दाखला कोण देतं?"

"ते आमच्या विभागात येत नाही," कारकून म्हणाला आणि रबरी शिक्क्यावर फुंकर मारू लागला.

"अहो, माझं मटण आहे त्यात!"

कारकुनानं प्रथमच मान वर केली. "मटण विकता?"

"विकत नाही! खातो! मी स्वतः सरकारी अधिकारी आहे. वजनमापे निरीक्षक."

"मग तुम्हाला सांगायला नकोच," कारकून समजूतदारपणे म्हणाला. "आमच्या मेहुण्याचं किराणा दुकान आहे. तराजूवरचा शिक्का उजवीकडे असायला हवा होता, डावीकडे पडला, म्हणून तुमच्या खात्यानं पाच खेपा घालायला लावल्या त्याला. नियम म्हणजे नियम. नाही का?"

साहेबांना सांगायचं होतं की उजवीकडचा शिक्का ही गोष्ट वेगळी आहे, त्यामागे कारण आहे. पण ते कारण त्या उकाड्यात त्यांना आठवेना. ते तसेच घरी परतले.

जिन्याखाली गर्दी होती. फ्रीझरच्या खालून पाण्याचा ओघळ फाटकापर्यंत गेला होता आणि झाकण उघडून कर्नल आत वाकले होते. पुडक्यांवर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या थंडीनं कधीच सुटून आल्या होत्या. त्या आता तळाच्या पाण्यात तरंगत होत्या. पुडकी सगळी सारखी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, चपटी. आघाडीवरच्या पद्धतीनं.

"हे मांडीचं माझं," कर्नल म्हणाले.

"मांडीचं मी ठेवलं होतं," सेक्रेटरी म्हणाला. आपण मटण खात नसल्याचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"ते कोपऱ्यातलं कुणी घेऊ नका हं," विणकामाच्या बाई मागून ओरडल्या.

तराजूसाहेबांनी हात वर केला. अशा प्रसंगी काय करायचं हे त्यांच्याइतकं इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी काटा आणवला, तो जिन्याच्या कठड्याला टांगला आणि खडूनं भिंतीवर लिहीत प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही किती ठेवलं होतं? खरं सांगा." प्रत्येकानं सांगितलं. मग एकेक पुडकं काट्याला लावून फ्रीझरमधला सगळा माल त्यांनी मोजला. बेरीज केली. पुन्हा केली.

शेजाऱ्यांनी ठेवलेलं मटण फ्रीझरमधल्या एकूण मटणापेक्षा जास्त भरत होतं. साहेबांचा स्वतःचा अर्धा बोकड अजून हिशेबात धरलेलाच नव्हता. म्हणजे आकडे जर खरे मानले, तर तराजूसाहेबांनी त्या पेटीत एक तुकडाही ठेवला नव्हता. उलट मधल्या काळात त्यांनी शेजाऱ्यांचंच खाल्लं होतं.

"पण मग तुम्ही रोज खिमा कसला करत होता?" कर्नलांनी संशयानं विचारलं.

"थंडीनं आकसतं म्हणाला होतात ना?" साहेब किंचाळले. "मग हे फुगलं कसं?"

"उन्हाळ्यात प्रसरण पावतं," कर्नल म्हणाले.

या उत्तरानंतर तराजूसाहेबांच्या डोक्यात काहीतरी तुटलं. त्यांनी सगळी पुडकी दोन बादल्यांत भरली, "कुणाचंही नाही! नरम पडलंय, आता पुन्हा गोठवता येत नाही. सगळं आत्ता शिजणार!" असं जाहीर केलं आणि बादल्या घेऊन जिना चढले. त्यांच्या डोळ्यांतला भाव पाहून कुणी आडवं आलं नाही. घरातलं मोठ्यात मोठं पातेलं त्यांनी गॅसवर चढवलं. मसूर नाही, ओट्स नाही, दुधी नाही. कांदा, लसूण, तिखट, मीठ आणि मटण. पुडकी सोडून ते भराभर आत टाकत होते. एक पुडकं टाकणार तेवढ्यात तलावातून आलेल्या कन्येनं त्यांचा हात धरला.

"बाबा! ही शाल आहे!"

खरंच, लोकरीची शाल होती. कसर मरावी म्हणून विणकामाच्या बाईंनी ती गोठवायला ठेवली होती. काट्यावर ती मटण म्हणून जोखली गेली होती आणि भिंतीवर बाईंच्या नावे चांगलं वजन लागलं होतं. साहेबांनी ती बाजूला भिरकावली. त्यांना आश्चर्यही वाटलं नाही.

मग जिन्यावर भांड्यांचा आवाज आला. सगळे आपापले डबे, वाडगे, पातेली घेऊन उभे होते. आधी साहेबांनी खांद्याचे चांगले तुकडे निवडून कन्येचं ताट भरलं. तिथे कुणी 'नियम काय' म्हणून विचारलं असतं तर त्याला पळीच बसली असती. उरलेलं त्यांनी प्रत्येकाच्या भांड्यात समान वाढलं. सेक्रेटरीनं वास घेतला. "रस्सा जरा पातळ वाटतो," तो म्हणाला. कर्नलांचं म्हणणं पडलं, की मीठ चवीपुरतं हवं होतं, चवीच्या पुढे गेलंय. विणकामाच्या बाईंनी आपली शाल मागितली आणि तिला तिखटाचे डाग पडले आहेत, हे सर्वांना दाखवलं. आभार एकानंही मानले नाहीत.

मेणबत्तीच्या उजेडात साहेब, कन्या आणि सासरेबुवा जेवायला बसले. कन्या मान वर न करता जेवत होती. हाड चोखल्याचा आवाज ऐकून साहेबांना जरा बरं वाटलं. सासरेबुवांनी दोन घास खाल्ले आणि ताट किंचित पुढे सरकवलं.

"काय झालं, मामा?"

"चांगलं आहे. चांगलंच आहे," सासरेबुवा म्हणाले. "पण नुसतं मटणच मटण. या वयात झेपत नाही. तो मसूर घातलेला खिमा करता ना तुम्ही, तो बरा लागतो."

तराजूसाहेबांनी पळी खाली ठेवली. पुरे झालं होतं. जेवणं आटपल्यावर ते बायकोजवळ गेले. ती नुकतीच क्लबातून आली होती आणि खुर्चीत बसून पायातले बूट काढत होती. नवे, पांढरे बूट. चेहरा लाल झाला होता आणि केस कानामागे ओढून बांधले होते. त्या उजेडात ती त्यांना क्षणभर फार तरुण वाटली, आणि त्यामुळे पुढचं वाक्य जास्तच जड गेलं.

"ऐक. मी एकदाच बोलणार आहे," ते म्हणाले. "मी हरलो. इतकी वर्षं तू तेवढ्याच पैशांत कसं निभावलंस ते मला कळत नाही. मटण कुठल्या बाजूला आहे, असं मी विचारायला नको होतं. तुझं स्वयंपाकघर तुला परत. उद्यापासून."

एवढं बोलून ते थांबले. असं बोलणं त्यांच्या हातून लग्नानंतर पहिल्यांदाच झालं होतं. तिचे डोळे भरून येतील, निदान आवाज तरी भरून येईल, अशी त्यांची माफक अपेक्षा होती.

"हरलात?" बायको म्हणाली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

"छे हो. काय वाईट चाललंय? पहिला मसुरीचा खिमा तर मलासुद्धा तसा कधी जमला नव्हता. बाबाही आत्ता मला दारातच तेच म्हणाले. आणि पोरगी बघा, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलंय तिनं." तिनं बुटात मोजे खोचले आणि ते नीट भिंतीला लावून ठेवले. "तुमचा हात बसत चाललाय. ऐन वेळी सोडू नका."

"अगं, वीज तोडलीय! दंड झालाय! इमारत माझ्यावर चिडलीय!"

"स्वयंपाक करणाऱ्यावर सगळे चिडतातच," ती शांतपणे म्हणाली. "उद्या सकाळी मी पोस्टातून वीज कंपनीच्या साहेबांना फोन लावते, माझ्या काउंटरवर येतात ते. त्या पेंग्विनला रंग फासा. आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या क्लबाचे सामने सुरू होतायत, रोज संध्याकाळी सराव आहे. तेव्हा तुम्हीच बघा."

तराजूसाहेब उभेच राहिले. माणसाला हरण्याचासुद्धा अधिकार नसावा? गुन्हेगाराची शरणागती तरी स्वीकारतात. त्यांनी सासरेबुवांकडे पाहिलं, सासरेबुवा दात कोरत होते. कन्येकडे पाहिलं, ती स्पर्धेची पिशवी भरत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर या अन्यायाची साधी जाणीव नव्हती.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "बरं. मग उद्या जेवायला काय करू?"

घराच्या तीन कोपऱ्यांतून, मान वर न करता, तिघं एकदम म्हणाले,

"काहीही!"